महासाथीतली जादा भरती आणि त्यानंतरची टेक नोकरकपात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोठ्या टेक कंपनीने माणसं कमी केल्याची बातमी आली की प्रश्नांचा ओघ सुरू होतो. त्यातले बरेचसे फिरून एकाच ठिकाणी येतात: 'कोविडमध्ये जास्त माणसं घेतली होती, तीच आता काढली' हे स्पष्टीकरण कितपत खरं? बरंचसं खरं आहे, पण तेवढ्यावर थांबलं की चुकीचे निष्कर्ष निघतात. इथे अमेरिकेतल्या कंपन्या आणि तिथले कायदे यांच्यापुरतंच बोललं आहे. एखाद्या उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. 'ओव्हरहायरिंग' म्हणतात ते खरंच झालं होतं का, की ही कंपन्यांची सबब आहे?

झालं होतं, आणि ते कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत स्पष्ट दिसतं. मेटाकडे, म्हणजे फेसबुकच्या मूळ कंपनीकडे, २०१९ च्या अखेरीस ४४,९४२ कर्मचारी होते. सप्टेंबर २०२२ मध्ये ८७,३१४. तीन वर्षांच्या आत जवळजवळ दुप्पट. अल्फाबेट, म्हणजे गूगलची मूळ कंपनी, याच काळात १,१८,८९९ वरून १,९०,२३४ वर गेली. मायक्रोसॉफ्ट जून २०१९ मध्ये १,४४,००० होती, जून २०२२ मध्ये २,२१,०००. ॲमेझॉन २०१९ च्या ७,९८,००० वरून २०२१ च्या अखेरीस १६,०८,००० वर पोचली. तिथे मात्र बहुतांश वाढ गोदामं आणि वाहतुकीतली होती (प्रश्न ६ पाहा).

ॲपल याला अपवाद. २०१९ मध्ये १,३७,००० आणि २०२२ मध्ये १,६४,०००, म्हणजे तीन वर्षांत साधारण २० टक्के वाढ. २०२२-२३ च्या लाटेत ॲपलने सरसकट कपात केली नाही, त्याचं बरंचसं उत्तर याच दोन आकड्यांत आहे.

२. एवढा डेटा हाताशी असलेल्या कंपन्यांना हे आधी कळलं कसं नाही?

डेटा होता, पण तो एका विलक्षण काळातला होता. २०२० च्या दुसऱ्या तिमाहीत अमेरिकेच्या किरकोळ विक्रीतला ऑनलाइन वाटा ११-१२ टक्क्यांवरून एकदम १६ टक्क्यांच्या आसपास गेला. प्रश्न एवढाच होता की ही पातळी कायमची की तात्पुरती. ऑनलाइन दुकानं चालवायचं सॉफ्टवेअर देणाऱ्या शॉपिफायने 'कायमची' यावर पैज लावली; ऑनलाइन व्यापार पाच-दहा वर्षं पुढे उडी मारून तिथेच राहील, असा हिशोब होता. दुकानं उघडली आणि आलेख जुन्या चढाच्या रेषेकडे परतला. जुलै २०२२ मध्ये १० टक्के माणसं कमी करताना संस्थापक टोबी ल्युटके यांनी ही पैज चुकल्याचं उघडपणे लिहिलं. पुढे मे २०२३ मध्ये आणखी २० टक्के गेले.

दुसरं कारण भरतीच्या यंत्रणेतच आहे आणि त्याकडे फारसं कोणी पाहत नाही. जागा मंजूर होणं, उमेदवार शोधणं, मुलाखती, ऑफर, जुन्या कंपनीतला नोटीस काळ, या सगळ्यात सहज काही महिने जातात. २०२१ च्या तेजीत मंजूर झालेल्या जागा २०२२ मध्ये भरत राहिल्या, तोवर जाहिरातींचा बाजार थंडावला होता. अल्फाबेटने महासाथीच्या काळातली सर्वांत मोठी वार्षिक वाढ, ३३,७०० हून अधिक माणसं, २०२२ मध्येच नोंदवली. ब्रेक दाबला तरी गाडी पुढे सरकत राहते, तसंच हे.

त्यात चढाओढीची भर. स्पर्धक माणसं पळवत असताना 'आम्ही थांबतो' म्हणणाऱ्या व्यवस्थापकाला बक्षीस मिळत नाही. टीम मोठी असेल तर त्याचं वजन वाढतं.

३. मग सगळ्यांनी एकाच वेळी कपात का केली? नोव्हेंबर २०२२ ते जानेवारी २०२३ मध्ये नेमकं काय घडलं?

मुख्य धक्का व्याजदरांचा. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने मार्च २०२० पासून दर शून्य ते ०.२५ टक्के ठेवला होता. मार्च २०२२ मध्ये वाढ सुरू झाली आणि जुलै २०२३ पर्यंत तो ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर गेला.

याचा एखाद्या प्रोग्रामरच्या नोकरीशी संबंध कसा, तर असा: दहा वर्षांनी मिळणाऱ्या १०० डॉलरची आजची किंमत २ टक्के दराने ८२ डॉलर भरते, ५ टक्क्यांनी ६१. टेक कंपन्यांचे अनेक प्रकल्प दूरच्या उत्पन्नावर उभे असतात. दर चढला की कागदावर फायद्याचा दिसणारा प्रकल्प तोट्यात जातो, आणि त्या प्रकल्पाचा मोठा खर्च म्हणजे माणसंच असतात.

त्यावर प्रत्येकाची स्वतःची कारणं. मेटाला ॲपलच्या एप्रिल २०२१ मधल्या आयओएस १४.५ च्या ट्रॅकिंग-परवानगीचा (आयफोनवर माग काढण्याआधी ॲपला वापरकर्त्याची परवानगी घ्यावी लागते) जाहिरातींत फटका बसला. २०२२ मध्ये त्यामुळे सुमारे १० अब्ज डॉलरचं नुकसान होईल असा अंदाज कंपनीनेच दिला होता. अल्फाबेटला नोव्हेंबर २०२२ मध्ये टीसीआय या गुंतवणूकदार फंडाने जाहीर पत्र लिहून माणसं जास्त असल्याचं सुनावलं. आणि एकदा मेटाने ९ नोव्हेंबरला ११,००० जणांची कपात जाहीर केली की इतरांना तीच गोष्ट करणं सोपं झालं. ४ जानेवारीला व्यावसायिक सॉफ्टवेअर बनवणारी सेल्सफोर्स (१० टक्के) आणि ॲमेझॉन (१८,०००), १८ तारखेला मायक्रोसॉफ्ट (१०,०००), २० तारखेला अल्फाबेट (१२,०००). गर्दीत घेतलेल्या निर्णयाची बदनामी वाटली जाते. हेही कारणांत धरायला हवं.

४. म्हणजे तेव्हा अमेरिकेत मंदी होती?

नाही. जानेवारी २०२३ मध्ये तिथला बेरोजगारीचा दर ३.४ टक्के होता, १९६९ नंतरचा सर्वांत कमी. अमेरिकेच्या सगळ्या उद्योगांत मिळून साध्या महिन्यालाही कपात आणि बडतर्फी १५ लाखांच्या पुढेमागे असते. टेक कपातीची मोजदाद करणाऱ्या लेऑफ्स डॉट एफवायआय या संकेतस्थळाची २०२३ ची बेरीज सुमारे २ लाख ६४ हजार आहे, तीही पूर्ण वर्षाची आणि अनेक देशांतली. २०२२ ची १ लाख ६५ हजारांच्या आसपास, २०२४ ची दीड लाखाच्या थोडी वर.

पण यावरून 'मग फार काही झालं नाही' असं कोणी म्हणू लागलं तर ते सपशेल चूक आहे. एकाच क्षेत्रातले, एकाच प्रकारचं काम शोधणारे हजारो लोक एकाच महिन्यात बाजारात आले, आणि त्यांना घेणाऱ्या कंपन्यांनी त्याच महिन्यात भरती गोठवली होती. देशाच्या सरासरीचा अशा माणसाला काहीच उपयोग नसतो.

५. अब्जावधींचा नफा असताना माणसं काढायची गरज काय होती?

तगून राहण्यासाठी गरज नव्हती. अल्फाबेटचा २०२२ चा निव्वळ नफा सुमारे ६० अब्ज डॉलर होता. एप्रिल २०२३ मध्ये, म्हणजे कपातीनंतर तीनच महिन्यांत, कंपनीने स्वतःचे ७० अब्ज डॉलरपर्यंतचे शेअर परत विकत घ्यायला मंजुरी दिली. मेटाने फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यासाठी आणखी ४० अब्ज मंजूर केले आणि पुढच्याच महिन्यात १०,००० जणांची दुसरी कपात जाहीर केली.

भागधारक नफा किती आहे यापेक्षा तो आणि त्याचं विक्रीशी प्रमाण वाढतं आहे का, हे पाहतात. २०२२ मध्ये विक्रीची वाढ मंदावली आणि पगाराचा खर्च मात्र आधीच्या वेगाने चढत होता. तिथे कपात हा व्यवस्थापनाने निवडलेला एक मार्ग होता. भरती गोठवणं, सुटणाऱ्यांच्या जागा न भरणं, हेही मार्ग होते, आणि ॲमेझॉनने गोदामांत तेच केलं. 'नाइलाज होता' हे वाक्य नफ्यातल्या कंपनीकडून आलं तर ते तसंच्या तसं स्वीकारू नये.

६. ॲमेझॉनने २७,००० जणांना काढलं, हे जास्त की कमी?

भागाकार कशाने करता यावर ते ठरतं. १८,००० आणि मार्च २०२३ मधले ९,००० मिळून २७,०००. २०२२ च्या अखेरच्या १५,४१,००० कर्मचाऱ्यांशी तुलना केली तर पावणेदोन टक्के. पण कपात मुख्यतः कार्यालयीन नोकऱ्यांत झाली आणि तशा सुमारे साडेतीन लाख होत्या; त्या हिशोबाने जवळपास ८ टक्के. कपातीचा धक्का मोजायचा असेल तर दुसरा भागाकार योग्य.

याच कंपनीतली मोठी घट कित्येकांना माहीतच नाही. २०२२ च्या पहिल्या तिमाहीअखेर १६,२२,००० असलेला आकडा दुसऱ्या तिमाहीअखेर १५,२३,००० झाला. तीन महिन्यांत सुमारे ९९,००० कमी, आणि कपातीची घोषणा नाही. गोदामांत माणसं सतत येतात-जातात. सुटणाऱ्यांच्या जागा भरल्या नाहीत की आकडा आपोआप उतरतो. तेव्हा बातम्यांतल्या कपातीची बेरीज म्हणजे कमी झालेली माणसं, असं समीकरण मांडू नका.

७. मेटाने नोव्हेंबरमध्ये ११,००० जणांना काढलं, तरी डिसेंबरअखेरचा आकडा ८६,४८२ कसा?

काढलेले बहुतेक जण तोवर पगारपत्रकावर होते. अमेरिकेच्या १९८८ च्या वॉर्न कायद्याप्रमाणे १०० किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपनीला मोठ्या कपातीआधी ६० दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. एकाच ठिकाणी ५०० जण जात असतील, किंवा किमान ५० जण आणि ते तिथल्या एकतृतीयांशांएवढे असतील, तर ती 'मोठी' कपात. न्यूयॉर्क राज्यात मुदत ९० दिवसांची आहे. व्यवहारात होतं असं, की लॅपटॉपचा प्रवेश त्याच दिवशी बंद होतो, पण पगार सूचनेची मुदत संपेपर्यंत चालू राहतो, आणि तोवर ते माणूस हेडकाउंटमध्ये, म्हणजे कंपनी जाहीर करते त्या कर्मचारीसंख्येत, मोजलं जातं. मेटाचा आकडा मार्च २०२३ अखेर ७७,११४ वर आला. अल्फाबेटचंही तेच: जानेवारीत घोषणा, मार्चअखेर १,९०,७११ आणि जूनअखेर १,८१,७९८.

म्हणून कपातीचा परिणाम पाहायला घोषणेनंतरच्या दुसऱ्या तिमाहीचा आकडा घ्या.

८. कपातीनंतर तरी कंपन्या २०१९ च्या पातळीवर आल्या का?

जवळपासही नाही. मेटा दोन कपातींनंतर २०२३ च्या अखेरीस ६७,३१७ वर होती, म्हणजे २०१९ पेक्षा निम्म्याने जास्त. २०२४ च्या अखेरीस पुन्हा ७४,०६७. अल्फाबेट २०२३ अखेर १,८२,५०२. मायक्रोसॉफ्टने १०,००० कमी केले तरी जून २०२३ चा आकडा जून २०२२ एवढाच, २,२१,०००. म्हणजे इतर विभागांत भरती चालूच होती. ऑनलाइन पेमेंटची कंपनी स्ट्राइपने नोव्हेंबर २०२२ मध्ये १४ टक्के काढले तेव्हा ती फक्त त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतल्या संख्येवर परतली.

९. मग जे जादा भरले होते तेच गेले ना?

हा सर्वांत मोठा गैरसमज. संख्या २०२१ च्या पातळीवर आली याचा अर्थ २०२१ नंतर आलेले गेले असा होत नाही. कपात विभाग आणि प्रकल्प पाहून झाली. ॲमेझॉनमध्ये पहिला घाव उपकरणं आणि पुस्तकांच्या विभागावर, नंतर दुकानं व मनुष्यबळ विभागावर. मेटात भरती करणाऱ्या रिक्रूटर मंडळींवर तुलनेने जास्त, कारण पुढच्या वर्षी भरतीच कमी होणार होती. गूगलमध्ये पंधरा-वीस वर्षं काढलेल्यांनाही पहाटे ईमेल आला. ज्यांनी जास्त जागा मंजूर केल्या ते आणि ज्यांनी नोकरी गमावली ते, ही दोन वेगळी माणसं होती. 'आम्ही जास्त भरती केली' या जबाबदारीच्या वाक्यात ही गोष्ट झाकली जाते.

१०. करकायद्याचं कलम १७४ हेच खरं कारण, असं वाचलं. कितपत खरं?

मोठ्या कंपन्यांसाठी ते हातभार लावणारं कारण. छोट्या आणि नफ्याच्या उंबरठ्यावरच्या कंपन्यांसाठी खरोखर जीवघेणं. २०१७ च्या करसुधारणेतली ही तरतूद २०२२ पासून लागू झाली. तोवर सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचा पगार त्याच वर्षी खर्च म्हणून वजा होत असे. नंतर तो देशातल्या कामासाठी ५ आणि देशाबाहेरच्या कामासाठी १५ वर्षांत विभागणं सक्तीचं झालं.

उदाहरण घ्या. विक्री १० लाख डॉलर, प्रोग्रामरांचे पगार १० लाख डॉलर. नफा शून्य, जुन्या नियमाने कर शून्य. नव्या नियमाने पहिल्या वर्षी फक्त १० टक्के, म्हणजे १ लाख वजा होतात (पाचवा हिस्सा, त्यातही पहिल्या वर्षी अर्धा). करपात्र उत्पन्न ९ लाख, २१ टक्क्यांनी कर १,८९,००० डॉलर. हातात एक पैसा नसताना.

जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने देशातल्या खर्चासाठी पूर्ण वजावट परत आणली. परदेशी कामासाठी १५ वर्षांचा नियम कायम आहे.

११. एआयने नोकऱ्या खाल्ल्या असं म्हणायचं का?

पहिल्या लाटेबद्दल नाही. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला आलं. मेटाची कपात त्याआधी तीन आठवडे. तारखाच पुरेशा आहेत.

नंतरच्या फेऱ्यांत एआय दोन वाटांनी येतं आणि त्यांची गल्लत होते. एक, पैसा: मेटाचा भांडवली खर्च २०२३ मध्ये सुमारे २८ अब्ज डॉलर होता, २०२४ मध्ये ३९ अब्ज. डेटा सेंटर आणि चिप्सचा हा खर्च कुठून तरी भरून काढायचा, आणि पगार हे हाताशी असलेलं खातं. दोन, प्रत्यक्ष काम यंत्राकडे जाणं: जून २०२५ मध्ये ॲमेझॉनचे प्रमुख अँडी जॅसी यांनी येत्या काही वर्षांत कार्यालयीन संख्या यामुळे घटेल असं कर्मचाऱ्यांना लिहिलं. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये १४,००० जागा कमी केल्यावर त्यांनीच कारण म्हणून कामाची संस्कृती आणि साचलेले थर पुढे केले. कोणतीही कंपनी 'एआयमुळे' म्हणाली तर कोणत्या विभागातलं कोणतं काम आता कोण करतं, हे विचारा. उत्तर नेमकं नसेल तर ती पहिली वाट समजा.

१२. ट्विटर यात मोडतं का?

नाही. तिथे साडेसात हजारांपैकी सुमारे निम्मे जण नोव्हेंबर २०२२ मध्ये गेले, पण ते ४४ अब्ज डॉलरच्या खरेदीनंतर आणि तिच्या कर्जाच्या ओझ्याखाली. महासाथीतल्या भरतीच्या हिशोबात ते उदाहरण धरू नये.

१३. आकडे स्वतः तपासायचे तर कुठे पाहायचं?

अमेरिकेच्या रोखे आयोगाच्या एडगर या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाका आणि टेन-के हा वार्षिक अहवाल उघडा. पहिल्याच भागात मनुष्यबळावरचा उपविभाग असतो. तिथे संख्या मिळते. मग एट-के हे निवेदन शोधा: कपातीचा मोठा खर्च असेल तर तो कलम २.०५ खाली येतो. राज्यनिहाय तपशील, उदाहरणार्थ कोणत्या शहरातल्या कोणत्या कार्यालयातून किती जण, वॉर्न सूचनांत असतो. कॅलिफोर्नियाचा रोजगार विभाग त्यांची यादी प्रसिद्ध करतो.

चुका इथे होतात. मायक्रोसॉफ्टचं वर्ष जूनमध्ये संपतं, ॲपलचं सप्टेंबरमध्ये, सेल्सफोर्सचं जानेवारीत. सगळ्यांना 'डिसेंबर २०२२' समजून शेजारी मांडलं की तुलना बिघडते. दुसरं, कंत्राटी माणसं या आकड्यात नसतात. मार्च २०१९ मध्ये गूगलकडे सुमारे १,०२,००० कर्मचारी आणि १,२१,००० तात्पुरते व कंत्राटी लोक असल्याचं न्यूयॉर्क टाइम्सने छापलं होतं. त्यांना कमी केलं तर हेडकाउंट हलत नाही आणि बातमीही होत नाही.

१४. एच-१बी या कामाच्या व्हिसावर असताना नोकरी गेली तर देशात राहायला मिळणारे ६० दिवस कधीपासून मोजायचे?

नोकरी संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून, आणि आय-९४ ची, म्हणजे देशात राहण्याच्या परवानगीच्या नोंदीची, मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढेच दिवस. नोकरी संपल्याचा दिवस साधारणपणे ज्या दिवसापर्यंत पगार मिळाला तो धरतात. सेव्हरन्सची, म्हणजे काढताना कंपनी देते ती, रक्कम मिळाल्याने हे दिवस वाढत नाहीत. सूचनेच्या काळात काम नसून पगार चालू असेल (प्रश्न ७), तर तो काळ नोकरीत धरावा की नाही यावर वाद होऊ शकतो. म्हणून शेवटच्या कामाच्या दिवसापासूनच मोजणं सुरक्षित, आणि कंपनीकडून नोकरी संपल्याची तारीख लेखी घ्या.

या मुदतीत नव्या कंपनीचा अर्ज दाखल व्हायला हवा. ऑफर हातात असणं पुरेसं नाही. अर्ज दाखल झाला की मंजुरीची वाट न पाहता काम सुरू करता येतं. ते जमत नसेल तर मुदत संपण्याआधी बी-२ (पर्यटक) किंवा जोडीदाराच्या आधारे एच-४ अशा स्थितीबदलाचा अर्ज करावा, नाहीतर देश सोडावा. मूळ कंपनीने मुदतीआधी काढलं असेल तर मायदेशी परतण्याचा वाजवी प्रवासखर्च देणं तिच्यावर बंधनकारक असतं. तो मागावा लागतो.

१५. सेव्हरन्सच्या कागदावर लगेच सही करायची का?

नका. त्या सहीने बहुधा कंपनीवर दावा करण्याचा हक्क सोडला जातो. वय ४० किंवा अधिक असेल तर सामूहिक कपातीत विचाराला ४५ दिवस आणि सहीनंतर माघार घ्यायला ७ दिवस मिळतात. त्यासोबत कोणत्या पदांवरची, कोणत्या वयाची माणसं निवडली आणि कोणती ठेवली याची यादी द्यावी लागते. ती यादी नीट वाचा. आरोग्यविम्याची कोब्रा सोय, म्हणजे कंपनीचाच विमा पुढे चालू ठेवणं, निवडायला ६० दिवस असतात. ती साधारण १८ महिने चालते, पण हप्ता पूर्ण स्वतःचा, प्रशासकीय शुल्कासह १०२ टक्क्यांपर्यंत. मेटाने आणि गूगलने २०२२-२३ मध्ये अमेरिकेत १६ आठवड्यांचा पगार आणि सेवेच्या वर्षांप्रमाणे दर वर्षी २ आठवडे दिले. आपल्याला मिळणारी रक्कम तोलायला तो मापदंड ठेवता येईल, मात्र कायद्याने तेवढं देणं सक्तीचं नाही.

१६. दुसरी कंपनी विकत घेतल्याने आलेली माणसंही ओव्हरहायरिंगमध्ये धरायची का?

धरू नयेत, पण एकूण आकड्यात ती मिसळलेली असतात. सेल्सफोर्सच्या वाढीत जुलै २०२१ मध्ये घेतलेल्या स्लॅकचे लोक आहेत, अल्फाबेटच्या २०२२ च्या वाढीत मँडियंटचे, मायक्रोसॉफ्टच्या २०२२ च्या आकड्यात न्युआन्सचे. अशा खरेदीनंतरची कपात वेगळ्या कारणाने होते: दोन हिशोब विभाग, दोन विक्री संघ, दोन कायदा विभाग एकत्र आलेले असतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड घेतल्यावर मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२४ मध्ये गेमिंगमधून १,९०० जणांना काढलं, ते या प्रकारचं. तुलना करताना खरेदीतून आलेली संख्या अहवालात वेगळी दिली असेल तर आधी वजा करा. दिली नसेल तर खरेदीच्या वर्षाआधीचा आणि नंतरचा आकडा एकाच रेषेत जोडू नका.